एक आठवडा की दोन? पिकोली निलंबन प्रकरण

१० सप्टेंबर २००७ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी अभियोक्त्यांनी न्यायालयाकडून एक अटक वॉरंट मिळवलं. वॉरंट होतं जॅकी सेलेबी यांच्या नावाचं. सेलेबी म्हणजे देशाचे राष्ट्रीय पोलीस आयुक्त आणि त्या वेळचे इंटरपोलचे अध्यक्ष. पाठोपाठ पोलिसांकडची कागदपत्रं ताब्यात घेण्यासाठी झडतीचं वॉरंटही निघालं. २३ सप्टेंबरला, रविवारी, राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एक निलंबनपत्र दिलं. ते सेलेबींना मिळालं नाही. ते मिळालं वॉरंट मागणाऱ्या खात्याच्या प्रमुखाला, म्हणजे राष्ट्रीय अभियोग संचालक वुसी पिकोली यांना.

अभियोग खात्याच्या स्वायत्ततेचा विषय निघाला की बोलणं लगेच बंद दाराआडच्या दबावाकडे वळतं. वरून फोन आला, फाईल दाबली, साक्षीदार फुटला वगैरे. पिकोली प्रकरणात यातलं फारसं काही नाही. बैठका झाल्या, पत्रं लिहिली गेली, दोन्ही बाजूंनी कायद्याची कलमं दाखवली, चौकशी बसली, तिचा अहवाल जाहीर झाला, संसदेत ठराव झाला. सगळं रीतसर. आणि या रीतसर वाटेनेच, चौकशीत पदाला योग्य ठरलेला माणूस घरी गेला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोणावर खटला भरायचा हे ठरवण्याचं स्वातंत्र्य या खात्याला घटनेने चोख दिलं होतं. भोक होतं ते त्या खुर्चीवर कोण बसणार, तिथून कोण उठवणार आणि खात्याच्या पैशावर सही कोणाची, या कलमांमध्ये. पिकोली त्याच भोकातून बाहेर गेले.

कायद्याची चौकट

वर्णभेदाच्या राजवटीत खटले चालवण्याचं काम विभागवार अॅटर्नी-जनरलांकडे होतं. १९९६ च्या राज्यघटनेने ती व्यवस्था मोडली आणि कलम १७९ खाली साऱ्या देशासाठी एकच राष्ट्रीय अभियोग प्राधिकरण उभं केलं. बोलताना सगळे त्याला एनपीए म्हणतात. प्रमुखाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. याच कलमाचं चौथं उपकलम सांगतं की प्राधिकरणाने आपलं काम निर्भयपणे, कोणाची बाजू न घेता आणि पूर्वग्रह न ठेवता करावं, याची हमी कायद्याने दिली पाहिजे. आणि सहावं उपकलम सांगतं की न्यायखात्याच्या मंत्र्याने प्राधिकरणावर 'अंतिम जबाबदारी' वापरायची आहे.

ही दोन उपकलमं शेजारी शेजारी ठेवली की भांडण कुठून सुरू होणार ते दिसतं. जबाबदारी अंतिम असेल तर हुकूमही अंतिम असणार का? संविधान न्यायालयाने १९९६ मध्येच, राज्यघटनेचा मसुदा तपासताना, चौथं उपकलम ही स्वातंत्र्याची घटनात्मक हमी आहे असं म्हटलं होतं. पुढे जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने माजी उपराष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या खटल्यात आणखी स्पष्ट केलं: मंत्री माहिती मागवू शकतात, अहवाल मागवू शकतात, पण खटला भरा, भरू नका किंवा चालू खटला थांबवा असा आदेश देऊ शकत नाहीत. हे वाक्य पिकोलींच्या कामाचं होतं, पण ते येईपर्यंत त्यांच्या बडतर्फीलाही महिना उलटून गेला होता.

१९९८ चा एनपीए कायदा प्रमुखाला दहा वर्षांची, एकदाच मिळणारी मुदत देतो. काढायचं तर कारणं मोजकीच: गैरवर्तन, दीर्घ आजारपण, काम करण्याची अक्षमता, किंवा पदासाठी 'योग्य व उचित' व्यक्ती न राहणं. राष्ट्राध्यक्ष आधी निलंबित करतात, चौकशी बसवतात, मग बडतर्फ करतात, आणि कारणं संसदेला कळवतात. संसदेने पुनर्नियुक्तीचा ठराव केला तर राष्ट्राध्यक्षांना तो मानावा लागतो. कागदावर पाहिलं तर हे बऱ्यापैकी भक्कम आहे. याच कायद्याच्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट बसली आहे, जिच्याकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष सहसा जात नाही: प्राधिकरणाचा लेखाधिकारी, म्हणजे खर्चाबद्दल उत्तर देणारा अधिकारी, अभियोग संचालक नसतो. तो असतो न्यायखात्याचा महासंचालक, म्हणजे मंत्र्यांच्या हाताखालचा सर्वोच्च सनदी अधिकारी.

दोन माणसं, एकच पक्ष

पिकोली बाहेरून आणलेले कोणी तटस्थ न्यायपंडित नव्हते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून ते देशाबाहेर परागंदा राहिले, परतल्यावर सरकारी सेवेत चढत गेले. १९९९ पासून ते न्यायखात्याचे महासंचालक होते, म्हणजे लेखाधिकाऱ्याची ती खुर्ची त्यांनी स्वतः सांभाळली होती. फेब्रुवारी २००५ मध्ये म्बेकींनीच त्यांना अभियोग संचालक केलं.

आल्याबरोबर त्यांच्यापुढे जेकब झुमांचं प्रकरण होतं. आधीचे संचालक बुलेलानी न्गुका यांनी ऑगस्ट २००३ मध्ये पत्रकारांना बोलावून सांगितलं होतं की उपराष्ट्राध्यक्ष झुमांविरुद्ध भ्रष्टाचाराचा प्रथमदर्शनी पुरावा आहे, पण खटला जिंकता येईलसा नाही, म्हणून भरत नाही. अभियोग प्रमुखाने याहून वाईट वाक्य बोलणं कठीण. आरोप जाहीर केला आणि त्याचा निकाल लावण्याची जागाच बंद केली. झुमांनी सार्वजनिक संरक्षकाकडे, म्हणजे तिथल्या लोकपालाकडे तक्रार केली आणि त्या वक्तव्याने त्यांच्यावर अन्याय झाला असा निष्कर्ष २००४ मध्ये आला. जून २००५ मध्ये झुमांचे आर्थिक सल्लागार शाबीर शेख दोषी ठरले, म्बेकींनी झुमांना उपराष्ट्राध्यक्षपदावरून काढलं, आणि काही दिवसांतच पिकोलींनी झुमांवर आरोप ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा झुमांच्या गोटात ते म्बेकींचा माणूस ठरले. हा शिक्का लक्षात ठेवावा, कारण दोनच वर्षांत त्यांना घरी बसवणारे म्बेकीच निघाले.

सेलेबीही त्याच चळवळीतले. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांकडे राजदूत, परराष्ट्र खात्याचे महासंचालक, २००० पासून पोलीस आयुक्त आणि २००४ पासून इंटरपोलचे अध्यक्ष. त्यांची मैत्री होती ग्लेन अॅग्लिओटी या इसमाशी, ज्याचं नाव अमली पदार्थांच्या तस्करीत आणि खाणसम्राट ब्रेट केबल यांच्या सप्टेंबर २००५ मधल्या हत्येच्या तपासात पुढे आलं होतं. पत्रकारांनी विचारलं तेव्हा सेलेबी म्हणाले, तो माझा मित्र आहे, 'फिनिश अँड क्लार'. म्हणजे विषय संपला. देशाच्या पोलीसप्रमुखाच्या तोंडी हे उत्तर आल्यावर विषय अर्थातच संपला नाही.

तपास करत होते 'स्कॉर्पियन्स'. हे एनपीएचंच पथक. अभियोक्ते, तपास अधिकारी आणि विश्लेषक पहिल्या दिवसापासून एकत्र बसून प्रकरण बांधत. निकाल चांगले येत, आणि म्हणूनच पोलीस खात्याच्या डोळ्यांत ते खुपत असत. या तपासाची कल्पना पिकोली राष्ट्राध्यक्षांना वेळोवेळी देत आले होते. अडचण कागदपत्रांची होती. हवे ते कागद पोलिसांच्या ताब्यात, आणि पोलिसांच्या डोक्यावर तो माणूस ज्याच्याविरुद्ध ते हवे होते. मागून मिळेनात, म्हणून झडतीचं वॉरंट.

तेरा दिवसांत काय झालं

वॉरंट हातात आल्यावर पिकोलींनी ते राष्ट्राध्यक्षांना कळवलं. म्बेकींनी 'करू नका' असं म्हटलं नाही. पोलीसप्रमुखाला अटक होणार, दोन सशस्त्र यंत्रणा समोरासमोर येणार, तेव्हा आधी वातावरण तयार करायला हवं, त्यासाठी दोन आठवडे द्या, अशी त्यांची मागणी होती. पिकोली म्हणाले, एक आठवडा थांबतो.

१८ सप्टेंबरला न्यायमंत्री ब्रिजिट माबान्डला यांचं पत्र आलं. पत्राचा आशय असा: अंतिम जबाबदारी माझी आहे, सेलेबींच्या अटकेसाठी तुम्ही ज्या माहितीवर विसंबलात ती सगळी मला द्या, आणि पुरेसा पुरावा आहे अशी माझी खात्री पटेपर्यंत उचललेलं पाऊल पुढे टाकू नका. पहिला भाग कायद्यात बसतो. मंत्र्याला माहिती मागण्याचा हक्क आहे. शेवटचा भाग बसत नाही, कारण पुरावा पुरेसा आहे की नाही हे ठरवणं हेच तर अभियोक्त्याचं काम. पिकोलींनी तो अवैध आदेश मानला. पत्राचा मसुदा न्यायखात्याचे महासंचालक मेन्झी सिमेलाने यांच्या हातचा होता, हे पुढे चौकशीत उघड झालं.

२३ तारखेला म्बेकींनी पिकोलींना बोलावून राजीनामा मागितला. त्यांनी नकार दिला. मग निलंबन. जाहीर कारण: मंत्री आणि संचालक यांच्यातले कामकाजाचे संबंध पूर्ण बिघडले आहेत. सेलेबींचं नाव कारणात नव्हतं. कायद्यातल्या चार कारणांमध्येही 'मंत्र्यांशी पटत नाही' असं कारण सापडत नाही, आणि हे तिथे कोणालाच ठाऊक नसेल असं मानणं अवघड आहे.

उपसंचालक मोकोतेदी म्पशे हंगामी प्रमुख झाले. वॉरंटं रद्द करून घेण्यात आली. म्पशेंनी पुराव्याची फेरतपासणी करायला एक समिती बसवली, आणि जानेवारी २००८ मध्ये निर्णय जाहीर केला: सेलेबींवर भ्रष्टाचाराचा खटला भरणार. म्हणजे ज्या निर्णयापाशी पिकोली सप्टेंबरमध्ये पोचले होते, त्याच निर्णयापाशी खातं पिकोलींशिवाय पोचलं. सेलेबींना रजेवर पाठवलं गेलं आणि त्यांनी इंटरपोलचं अध्यक्षपद सोडलं.

त्याच जानेवारीत, या घोषणेच्या एकदोन दिवस आधी, स्कॉर्पियन्सचे गाउतेंग प्रांताचे प्रमुख गेरी नेल यांना रात्री त्यांच्या घरी, बायकामुलांदेखत, सशस्त्र पोलिसांच्या मोठ्या ताफ्याने अटक केली. त्यांच्यावरचे आरोप नंतर मागे घेतले गेले. सेलेबींचा खटला नेल यांनीच चालवला. पण ही अटक पाहिली की म्बेकींची धास्ती अगदीच हवेतली होती असं म्हणवत नाही. दोन बंदूकधारी यंत्रणांमधला वैरभाव खरा होता. मात्र तो आणखी सात दिवस दिल्याने विरला असता, यावर माझा विश्वास बसत नाही.

जिनवाला अहवाल

चौकशीसाठी नेमणूक झाली फ्रेनी जिनवाला यांची. नावावरून मराठी वाचकाला कळेलच, त्या भारतीय वंशाच्या पारशी घरातल्या. १९९४ ते २००४ या काळात त्या नॅशनल असेंब्लीच्या सभापती होत्या. म्हणजे त्याही सत्ताधारी पक्षातल्याच, पण कोणाचं ऐकून लिहिणाऱ्यांतल्या नव्हेत.

सरकारने पिकोलींविरुद्ध आरोपांची लांबलचक यादी दिली. संघटित गुन्हेगारीतल्या माणसांना माफीच्या बदल्यात साक्षीदार केलं, लेखाधिकाऱ्याशी असहकार केला, मंत्र्यांना माहिती दिली नाही, स्कॉर्पियन्सना मोकाट सोडलं, राष्ट्रीय सुरक्षेचं भान ठेवलं नाही. निलंबनाच्या दिवशी सांगितलेलं कारण एक आणि चौकशीत मांडलेली कारणं डझनभर, हे कुठल्याही खातेनिहाय चौकशीत दिसलं की सावध व्हावं.

अहवाल नोव्हेंबर २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडे गेला. जिनवालांनी बहुतेक आरोप फेटाळले. पिकोली पदासाठी योग्य व उचित आहेत, त्यांना पुन्हा पदावर घ्यावं, अशी शिफारस केली. मंत्र्यांच्या पत्रातला थांबण्याचा आदेश हा अभियोगाच्या कामात कार्यकारी हस्तक्षेप ठरेल असं त्यांनी नोंदवलं. सिमेलाने यांची साक्ष परस्परविरोधी आणि वस्तुस्थितीचा वा कायद्याचा आधार नसलेली होती, असे कडक शब्द त्यांच्याबद्दल वापरले.

पण याच अहवालात एक दुसरी बाजूही आहे, आणि पिकोलींचे चाहते ती वगळून सांगतात. जिनवालांच्या मते राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित बाबी किती नाजूक असतात याचं पुरेसं भान पिकोलींनी दाखवलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी दोन आठवडे मागितले होते, ते द्यायला हवे होते. राष्ट्राध्यक्षांनी त्याच कारणावर निलंबन केलं असतं तर ते कारण वैध ठरलं असतं, इथपर्यंत त्या गेल्या. केलं नव्हतं, म्हणून शिफारस पिकोलींच्या बाजूने झाली.

अहवाल आला तेव्हा खुर्चीवर म्बेकी नव्हते. डिसेंबर २००७ च्या पोलोक्वाने अधिवेशनात झुमांनी त्यांना पक्षाध्यक्षपदासाठी हरवलं, सप्टेंबर २००८ मध्ये पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपद सोडायला लावलं, आणि खगालेमा मोटलान्थे आले. त्यांनी अहवालातली शिफारस बाजूला ठेवली, राष्ट्रीय सुरक्षेचा तो परिच्छेद उचलला आणि ८ डिसेंबर २००८ रोजी पिकोलींना बडतर्फ केलं. फेब्रुवारी २००९ मध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

सुरक्षेचं कारण खरं मानलं तरी हिशेब जुळत नाही. सेलेबी तोवर रजेवर होते, त्यांच्यावर आरोप ठेवले गेले होते, आणि देशाची सुरक्षा ढासळली नव्हती. माझा अंदाज साधा आहे. पिकोलींनी म्बेकींच्या पोलीसप्रमुखाला हात घातला होता, म्हणून म्बेकी गटाला ते नको होते. त्यांनीच झुमांवर आरोप ठेवले होते, म्हणून झुमा गटालाही ते नको होते. पक्षात दुफळी असताना दोन्ही गटांना नकोसा झालेला अभियोग संचालक हा बहुधा आपलं काम नीट करत असतो. पण त्याला संसदेत मत द्यायला मग कोणी उरत नाही.

पिकोलींनी प्रमुख म्हणून काय केलं

निकाल बाजूला ठेवून त्यांचे निर्णय पाहू.

पोलीसप्रमुखाविरुद्ध कारवाई करताना त्यांनी स्वतःचा शब्द पुढे केला नाही, न्यायालयाचा कागद पुढे केला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वॉरंट निघालं याचा अर्थ पुरावा एका न्यायिक अधिकाऱ्याने पाहिला आहे. त्यानंतर कोणी 'थांबा' म्हणालं तर तो संचालकाच्या मताशी मतभेद राहत नाही, न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी अडवणं होतं. न्गुकांनी पत्रकार परिषद घेतली होती, पिकोली न्यायालयात गेले. दोन प्रमुखांच्या शैलीतला फरक इतका सरळ आहे.

दुसरं, त्यांनी लपवाछपवी केली नाही. राष्ट्राध्यक्षांना अंधारात ठेवून पहाटे धाड घातली असती तर ती गाजली असती, आणि सरकारच्या हाती आयतं गैरवर्तनाचं कारण पडलं असतं. त्यांनी सांगितलं, चर्चा केली, थांबलेही. कळवणं आणि परवानगी मागणं यांत जी बारीक रेघ असते, ती त्यांनी बहुतेक वेळा नीट सांभाळली.

मग तो आठवडा. इथे मी बराच काळ पिकोलींच्या बाजूने होतो, आता तितका नाही. त्यांचा युक्तिवाद समजतो. ज्याच्या कार्यालयाची झडती घ्यायची त्याला वॉरंटची कुणकुण लागली तर कागद जागेवर राहत नाहीत, आणि राष्ट्राध्यक्षांनी 'वातावरण तयार करायचं' म्हणजे आणखी माणसांना कळणं आलंच. तरीही, ज्या तपासाला एवढा काळ गेला होता त्यात आणखी सात दिवसांनी किती फरक पडला असता? दोन आठवडे द्यायचे, पण लेखी द्यायचे: अमुक तारखेपर्यंत थांबतो, तोवर कागदपत्रं सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी अमक्याची, त्यानंतर अटक. असं पत्र राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर असतं तर १८ तारखेचं मंत्र्यांचं पत्र एकटं पडलं असतं, आणि जिनवालांना तो परिच्छेद लिहायला जागा उरली नसती. मोटलान्थेंनी दुसरं काही शोधलं असतं, हे मान्य. पण ते त्यांना शोधावं लागलं असतं. अभियोग प्रमुखाने न झुकण्याची जागा निवडायची असते. ती जागा मंत्र्यांचं पत्र ही होती, कॅलेंडरवरचे सात दिवस नव्हे.

राजीनामा न देणं हा चौथा निर्णय, आणि त्याचं मोल सहज ध्यानात येत नाही. राजीनामा दिला असता तर चौकशी झाली नसती, मंत्र्यांचं पत्र उजेडात आलं नसतं, सिमेलानेंची उलटतपासणी झाली नसती, आणि पुढच्या खटल्यांना आधार म्हणून लागणारा अहवालच लिहिला गेला नसता. वैयक्तिक प्रतिष्ठा वाचवायला राजीनामा सोयीचा असतो. संस्थेच्या नोंदवहीत मात्र त्यातून काहीच उतरत नाही.

शेवटचा निर्णय माझ्या गळी उतरत नाही. पिकोलींनी बडतर्फीला न्यायालयात आव्हान दिलं. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांच्या जागी कायमची नेमणूक करायला न्यायालयाने तात्पुरती मनाईही केली. आणि नोव्हेंबरमध्ये ७५ लाख रँडवर तडजोड झाली. दोन वर्षं लढाई लढणाऱ्या माणसाला बाहेरून उपदेश करणं सोपं आहे, हे मला कळतं. पण त्या तडजोडीने एक प्रश्न अनुत्तरित राहिला: चौकशीने योग्य ठरवलेल्या संचालकाला राष्ट्राध्यक्ष काढू शकतात का? न्यायालयाला यावर बोलण्याची संधी मिळाली नाही, आणि सरकारला हे कळलं की अडचणीच्या संचालकाची खुर्ची रिकामी करायला पैसा चालतो.

पुढचं दशक

त्याच नोव्हेंबर २००९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष झालेल्या झुमांनी रिकाम्या खुर्चीवर मेन्झी सिमेलाने यांना बसवलं. पिकोलींना थांबवणाऱ्या पत्राचा मसुदा करणारे, जिनवालांनी ज्यांच्या साक्षीवर ताशेरे ओढले ते. प्रकरण न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये संविधान न्यायालयाने नेमणूक अवैध ठरवली. जिनवालांनी नोंदवलेल्या गोष्टींकडे डोळेझाक करून सचोटीची परीक्षा होऊच शकत नाही, असा त्याचा गाभा. न दिलेला राजीनामा इथे कामी आला.

सेलेबींचा खटला दरम्यान संपला होता. जुलै २०१० मध्ये न्यायाधीश मेयर जोफी यांनी त्यांना भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरवलं, न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याच्या आरोपातून सोडलं, आणि ऑगस्टमध्ये १५ वर्षांची शिक्षा दिली. अॅग्लिओटीकडून पैसे घेतले आणि त्याला गोपनीय कागद दाखवले, हे सिद्ध झालं. २०११ च्या डिसेंबरात अपील फेटाळलं गेलं. २०१२ मध्ये वैद्यकीय पॅरोलवर सुटका झाली आणि जानेवारी २०१५ मध्ये ते वारले.

स्कॉर्पियन्स तर कधीच गेले होते. पोलोक्वानेत त्यांच्या विसर्जनाचा ठराव झाला, २००९ मध्ये त्यांच्या जागी पोलीस खात्यातच 'हॉक्स' आले. मार्च २०११ मध्ये ग्लेनिस्टर प्रकरणात संविधान न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की या नव्या पथकाला पुरेसं स्वातंत्र्य नाही.

खुर्चीची कथा मात्र तशीच चालू राहिली. २०१३ मध्ये आलेले म्क्सोलिसी न्क्सासाना दोन वर्षांच्या आतच, मे २०१५ मध्ये, १ कोटी ७३ लाख रँडच्या तडजोडीवर बाहेर पडले. पिकोलींच्या तडजोडीच्या दुपटीहून अधिक. त्यांच्या जागी शॉन अब्राहम्स आले. १३ ऑगस्ट २०१८ रोजी संविधान न्यायालयाने ही तडजोड, ती खुर्ची रिकामी करणं आणि अब्राहम्स यांची नेमणूक, सगळंच अवैध ठरवलं. राष्ट्राध्यक्षांनी अडचणीच्या संचालकाला पैसे देऊन घालवलं असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. न्क्सासानांना प्रत्यक्ष हाती पडलेले सुमारे १ कोटी २ लाख रँड परत करायला सांगितले. शिवाय संचालकाला बेमुदत आणि बिनपगारी निलंबित ठेवू देणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली. पिकोलींचं निलंबन सव्वा वर्षाच्या आसपास चाललं होतं, हे इथे आठवतं.

त्यानंतर राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी निवड समिती नेमली, उमेदवारांच्या मुलाखती सर्वांसमोर झाल्या, आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून शमिला बटोही या पदावर कायम नेमणूक झालेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांच्या आधीच्या एकाही कायम संचालकाने दहा वर्षं पुरी केली नव्हती. समितीची पद्धत चांगली होती, पण ती राष्ट्राध्यक्षांनी आपणहून स्वीकारलेली होती. घटनेत नेमणुकीचा अधिकार आजही एकट्या राष्ट्राध्यक्षांचा आहे. २०२४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन भ्रष्टाचारविरोधी तपास संचालनालय एनपीएमध्ये कायमचं आलं, म्हणजे अभियोक्त्यांना स्वतःचे तपास अधिकारी पंधरा वर्षांनी परत मिळाले.

लेखाधिकारी बदलण्याची, प्राधिकरणाला स्वतःच्या पैशावर स्वतःची सही मिळण्याची मागणी बटोहींनी कारकीर्दीत वारंवार जाहीरपणे केली. ती सही न्यायखात्याच्या महासंचालकाकडून निघाली नाही. २००७ मध्ये त्या पदावर सिमेलाने होते.